डोळ्यातलं सोवळं

आमच्या घरात चष्मा लागणं याला कुणी व्यंग मानत नाही आणि आजारही मानत नाही. जावळ, चष्मा आणि दहावी या तीन गोष्टी वेळच्या वेळी पार पडल्या की पोर मार्गाला लागलं, असा आमचा घरगुती हिशेब आहे. आजोबांना चष्मा होता, वडिलांना होता, मला तिसरीत लागला आणि बायको माहेराहून लावूनच आली. त्यामुळे लेकीला दुसरीत फळा दिसेनासा झाला तेव्हा घरात कुणी हळहळलं नाही. "अभ्यासू निघणार कार्टी," एवढंच आई म्हणाली. पुढे नंबर दरवर्षी वाढला आणि अभ्यास होता तिथेच राहिला, पण तो दोष चष्म्याला देता येणार नाही.

अशा घरातली मुलगी अकरावीत ढोलपथकात गेली आणि परंपरेला पहिला तडा गेला.

पुण्यात न राहणाऱ्यांसाठी सांगतो. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने इथे नदीकाठी आणि मिळेल त्या मोकळ्या जागेत संध्याकाळी पथकांचा सराव चालतो. ढोल कमरेला घट्ट बांधलेला, एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप, वरून पाऊस आणि आतून घाम. या अवस्थेत मायनस सहाचा चष्मा नाकावर राहत नाही. तो घसरत ओठावर येतो आणि वर सरकवायला तिसरा हात नसतो. ताल चुकला तर पुढचे ओरडतात, चष्मा पडला तर मागचे त्यावर उभे राहतात. एक फ्रेम अशीच कामी आली. आईनं उपाय म्हणून दुसऱ्या चष्म्याला मागून नाडी बांधून दिली. ती नाडी बघून पथकातली पोरं लेकीला 'हेडमास्तर' म्हणायला लागली. त्याच रात्री जेवताना तिनं जाहीर केलं, "मला लेन्स हव्यात."

आमच्याकडे कुठलीही नवी वस्तू घ्यायची ठरली, की आधी त्या वस्तूमुळे दगावलेल्या किंवा थोडक्यात वाचलेल्या माणसांची उजळणी होते. गीझरच्या वेळी झाली, मायक्रोवेव्हच्या वेळी झाली, लेन्सच्याही वेळी झाली. बायकोच्या मावसबहिणीच्या नणंदेची लेन्स म्हणे डोळ्याच्या मागे गेली होती.

"मागे म्हणजे कुठे?" मी विचारलं.

"मेंदूकडे."

नणंद सध्या काय करते असं विचारल्यावर कळलं, की ती बँकेत मॅनेजर आहे. खालच्या मजल्यावरच्या काकांनी त्याहून भारी गोष्ट आणली. कुणी एक कामगार वेल्डिंगची ठिणगी बघत राहिला आणि त्याची लेन्स बुबुळाला कायमची चिकटली. ही गोष्ट जगभर फिरते आणि साफ खोटी आहे. पण काकांना ती इतकी मनापासून सांगायची होती, की लेकीला ढोल वाजवायचाय, वेल्डिंग करायचं नाहीये, हे त्यांच्या लक्षात आणून देणं मला जमलं नाही.

घरात लेन्सचा खरा अनुभव असलेली व्यक्ती एकच, माझी आत्या. तिला स्थळं यायला लागली ती १९८०च्या दशकात. त्या काळी वधूच्या माहितीत 'चष्मा नाही' हे 'गृहकृत्यदक्ष'च्या शेजारी लिहायचे. ते खोटं ठरू नये म्हणून आजोबांनी तिला कडक लेन्स आणून दिल्या. त्या कडक लेन्सखाली धुळीचा कण गेला, की डोळ्याला धार लागते. तो कण नेमका दाखवण्याच्या कार्यक्रमात गेला. पोह्यांची बशी हातात घेऊन आत्या घळाघळा रडत बाहेर आली. दुसऱ्या दिवशी मुलाकडून निरोप आला, 'मुलगी फार हळवी आहे, आम्हाला पसंत आहे.' त्यानंतर आत्या कुणापुढे रडल्याचं ऐकिवात नाही. उलट तिच्यापुढे रडलेले पुष्कळ आहेत. तिनं फोनवरून लेकीला एकच सल्ला दिला, "घे हो, पण लग्नासाठी घेऊ नकोस."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, बुबुळाची गोलाई मोजली आणि हरकत नाही म्हणाले. बायकोनं नणंदेचं प्रकरण मांडलं. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, की पापणीच्या आतलं नाजूक अस्तर आत जाऊन वळतं आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर चढतं. त्यामुळे तिथे बंद खिसा तयार होतो. लेन्स फार तर त्या खिशात सरकेल, पण मागे जायला वाटच नाही. "त्यांची वरच्या पापणीखाली अडकली असेल," ते म्हणाले. बायकोला हे पटलं नाही. नणंद खोटं बोलणाऱ्यांतली नाही.

चिठ्ठीवर लेन्सचा नंबर आला मायनस साडेपाच. चष्मा सहाचा, लेन्स साडेपाचची. बायकोनं दवाखान्याच्या जिन्यातच बहिणीला फोन लावला, "अगं, नंबर उतरला! गाजराचा रस लागू पडला." मी मागून खुणा करत होतो. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असते, लेन्स थेट बुबुळावर बसते. मायनस नंबरात भिंग जवळ आलं की कमी ताकदीत भागतं आणि चारच्या पुढच्या नंबरांत हा फरक मोजावा लागतो. डोळा आहे तसाच आहे. हे मी घरी कागदावर आकृती काढून समजावलं. ती आकृती बघून बायको म्हणाली, "म्हणजे रस बंद करायचा नाही."

लेन्स बसवायला शिकवतात ती चष्म्याच्या दुकानातली मागची खोली. एक बेसिन, एक आरसा, एक उंच स्टूल. शिकवणारी मुलगी पंचविशीची, पांढरा कोट घातलेली, आणि डोळ्यांवर चांगला जाड चष्मा. "तुम्ही नाही वापरत?" बायकोनं विचारलं. "सकाळी एवढा वेळ कोणाला असतो, काकू?" ती म्हणाली. धंद्यात इतका प्रामाणिकपणा मी पुण्यातसुद्धा क्वचित पाहिलाय.

तिनं लेकीचे हात हातात घेतले, नखांकडे पाहिलं आणि म्हणाली, "आधी ही कापून ये." लेकीनं मुकाट्यानं पर्समधून नेलकटर काढलं. त्या लांब नखांवरून आमच्या घरात आजी आणि नातीचं बोलणं वर्षभर तुटण्याच्या बेताला आलं होतं. एका परक्या मुलीनं ते युद्ध मिनिटभरात संपवलं.

मग वाटी आणि बशी. लेन्स बोटाच्या टोकावर ठेवून आडवी बघायची. कडा सरळ वर आल्या असतील तर वाटी, म्हणजे सुलटी. कडा बाहेर पसरल्या असतील तर बशी, म्हणजे उलटी. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात ती एवढीशी पारदर्शक, ओली चकती बोटावर थरथरत असते आणि आम्हा तिघांची तीन मतं पडतात. मला ती नेहमी बशी वाटली.

खरी लढाई पापणीशी. डोळ्याकडे काही येताना दिसलं की मिटायचं, हे पापणीला जन्मापासून ठाऊक असतं. आता तिला सांगायचं, की येऊ दे, आपलंच आहे. ती ऐकत नाही. लेन्स कधी पापणीच्या केसांवर बसली, कधी बोटालाच चिकटून परत आली, एकदा शिकवणारीच्या बाहीवर सापडली. डोळ्यात बोट घालताना तोंड का उघडतं हे मला कळलेलं नाही, पण उघडतं. लेकीचं उघडलं, ते बघून बायकोचं उघडलं, समोरच्या आरशात पाहिलं तर माझंही उघडंच होतं.

शेवटी बसली. दुसरीही बसली. लेकीनं डोळे मिचकावले, आरशात पाहिलं, भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, तू एवढा जाड आहेस?"

याला शास्त्राचा आधार आहे. मायनस नंबरच्या चष्म्यातून जग आहे त्याहून थोडं लहान दिसतं. लेन्स बुबुळाला टेकलेली असल्यामुळे तो लहानपणा जवळपास नाहीसा होतो. म्हणजे दुसरीपासून अकरावीपर्यंत माझ्या मुलीनं माझी बारीक आवृत्ती पाहिली होती. मला तो काळ बरा वाटतो.

घरी आल्यावर लेकीनं नियम वाचून दाखवले. हात साबणानं धुवायचे आणि धागे न सुटणाऱ्या फडक्याला पुसायचे. धुतल्यावर कशालाही शिवायचं नाही. रोज आधी उजवी, मग डावी, क्रम मोडायचा नाही. लेन्सला नळाचं पाणी लागता कामा नये. फिल्टरचं नाही, उकळलेलंही नाही. फक्त बाटलीतलं सोल्युशन. डबीतलं कालचं सोल्युशन ओतून द्यायचं, शिळ्यात ताजं मिसळायचं नाही. लेन्स घालून अंघोळ नाही, झोप नाही. कुणाची आपण वापरायची नाही, आपली कुणाला द्यायची नाही.

आई ऐकत होती. तिनं ऐंशी ओलांडली आहे. ती लग्न होऊन वाईला आली तेव्हा घरात कडक सोवळं होतं. अंघोळीनंतर कुणाला शिवायचं नाही, सोवळ्याचं लुगडं उंच दांडीवर काठीनं वाळत घालायचं, चुकून कुणाचा पदर लागला तर पुन्हा अंघोळ. पुढे ती पुण्यात आली आणि आम्ही शाळेत विज्ञान शिकायला लागलो. आम्ही तिची इतकी थट्टा केली, की एकेक करत तिनं सगळं सोडून दिलं. आता नातीच्या तोंडून यादी ऐकता ऐकता तिचा चेहरा उजळत गेला.

"म्हणजे हे सोवळंच की गं!"

"आजी, हे हायजीन आहे."

"नळाचं पाणी चालत नाही म्हणालीस ना? आमच्या सासूबाईंनाही चालत नसे."

यावर उत्तर नव्हतं. मी मध्ये पडून सांगितलं, की नळाच्या पाण्यात अकँथअमिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो, लेन्सखाली सापडला तर तो बुबुळात घर करतो आणि त्याचा उपचार महिनोन्‌महिने चालतो. आई म्हणाली, "असेल. सासूबाईंना नाव माहीत नसेल."

त्या दिवसापासून लेकीच्या लेन्सचं खातं आईकडे आहे. सकाळी ती बेसिनपाशी खुर्ची टाकून बसते. "फोनला शिवलीस. परत धू." "तो टॉवेल नको, कालचाय." "उजवी आधी." शिळ्यात ताजं मिसळू नये हे ती दुधाबाबत आयुष्यभर सांगत आली आणि आम्ही मिसळत आलो. आता लेन्सच्या बाटलीवर तेच छापून आल्यामुळे तिची बाजू कंपनीनंच घेतल्यासारखं झालंय. आणि लेक ऐकते, हे विशेष! जिच्या खोलीत ओला टॉवेल पलंगावर, कपडे खुर्चीवर आणि चहाचा कप परवापासून खिडकीत असतो, ती त्याच खोलीतून दोन्ही हात वर धरून, कोपरानं दार ढकलत, कशालाही न शिवता बेसिनकडे येते. आम्ही वाटेतून बाजूला होतो.

एक फरक मात्र आईलाही मान्य करावा लागला. तिच्या सासरच्या सोवळ्यात विटाळ माणसांचा होता. कुणाला दारात थांबवायचं, कुणाला वरून पाणी वाढायचं, महिन्यातले चार दिवस घरातल्याच बाईला कोपऱ्यात बसवायचं. लेन्सच्या सोवळ्यात विटाळ जंतूंचा आहे आणि जंतूंना वाईट वाटत नाही. हे मी बोललो तेव्हा आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तेवढं हे बरंय."

या सगळ्यात मला लेन्सच्या पूर्वजांची माहिती वाचायचा नाद लागला. अडोल्फ फिक नावाच्या जर्मन डॉक्टरनं झुरिकमध्ये काचेच्या लेन्स तयार केल्या, त्याचा लेख १८८८ साली प्रसिद्ध झाला. अख्खा डोळा झाकणारं काचेचं कवच, आणि काच नि बुबुळ यांच्यामध्ये द्राक्षसाखरेचं पाणी. आधी त्यानं ते सशांना घातलं, मग स्वतःला, मग इतरांना. दोन तासांच्या वर ते सहन होत नसे. बुबुळात रक्तवाहिन्या नसतात, त्याला लागणारा प्राणवायू ते बहुतांशी थेट हवेतून घेतं आणि काचेतून हवा जात नाही. "सशांना कशाला?" आईनं विचारलं. "ते तर गाजरं खातात," बायको म्हणाली.

मऊ लेन्सचा जनक ओट्टो विख्टर्ले हा चेक रसायनशास्त्रज्ञ. पाणी शोषणारं प्लास्टिक त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शोधलं होतं, पण त्याची लेन्स नीट घडत नव्हती आणि सरकारनं काम बंद पाडलं. १९६१च्या नाताळात त्यानं घरीच मुलांचा मेकॅनोसारखा खेळ उचलला, सायकलचा डायनॅमो घेतला, दारावरच्या घंटीचा ट्रान्सफॉर्मर लावला, आणि फिरत्या साच्यात पहिल्या चांगल्या लेन्स ओतल्या. पुढे सरकारनं त्याचे हक्क अमेरिकेतल्या कंपनीला विकले आणि १९७१ साली तिथे मऊ लेन्सला परवानगी मिळाली. म्हणजे आज जगातले कोट्यवधी लोक एका घरातल्या खेळण्यांच्या वंशजातून बघताहेत. आमच्याकडे सुट्टीत दुरुस्तीला काढलेला मिक्सर पुढच्या सुट्टीपर्यंत उघडा असतो.

मध्यंतरी एकदा लेकीची लेन्स हरवली. रात्री काढताना लेक किंचाळली, "कुणी हलू नका!" आम्ही होतो तिथे थिजलो. आमची इमारत जुनी, फरशी मोझॅकची. त्या फरशीवर पांढरे, करडे, पिवळसर असे हजारो ठिपके आहेत आणि जमिनीला नाक लावून पाहिलं तर त्यातला प्रत्येक ठिपका लेन्स दिसतो. चष्मे लावलेली तीन माणसं मोबाइलचे दिवे पाजळत गुडघ्यांवर रांगत होती. बायकोनं एक खवला उचलला, तो कांद्याचा निघाला. एवढ्यात लेक आरशातून म्हणाली, "सापडली. डोळ्यातच होती." वरच्या पापणीखाली घडी होऊन बसली होती. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी नणंदेचा विषय काढला नाही.

कांद्यावरून आठवलं. लेन्स घातलेल्या माणसाला कांदा चिरताना फारसं पाणी येत नाही, कारण कांद्याची वाफ बुबुळापर्यंत नीट पोचत नाही. हा शोध बायकोला दुसऱ्याच दिवशी लागला आणि भज्यांचा कांदा कायमचा लेकीकडे गेला. मिरचीला मात्र तिला हात लावू देत नाहीत. ठेच्याच्या बोटांनी लेन्स काढणं म्हणजे काय, हे पथकातल्या एका मुलानं अनुभवलंय आणि त्याच्या वर्णनावर सगळ्यांचा विश्वास बसला.

बाहेरच्या जगानं लेन्सची दखल घेतली ती वेगळ्याच प्रकारे. चष्मा गेल्यावर डोळ्यांखालचे भाग उघडे पडतात आणि नाकावर दोन्ही बाजूंना खळगे दिसतात. सोसायटीतल्या बायकांनी एकमतानं निदान केलं, "किती सुकलीय पोर! डेंग्यू झाला होता का?" लेक अजूनही बोलता बोलता नाकावर नसलेला चष्मा वर सरकवते.

एका संध्याकाळी लेक कंटाळून म्हणाली, "रोज घाला, रोज काढा. आजी, तुला काय कळणार लेन्सचा त्रास!"

आई म्हणाली, "माझ्या दोन्ही डोळ्यांत आठ वर्षं लेन्स आहेत. मी काढते का कधी?"

खरंच की! मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी 'इंडियन टाकायची की इम्पोर्टेड' यावर आम्ही भावंडं तासभर भांडलो होतो आणि नंतर विसरून गेलो. घरात पहिली मऊ लेन्स आईचीच, तीही आतल्या बाजूला. हिचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानाच्या छताचे प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, पण डोळ्यांनी त्यांच्याविरुद्ध तक्रार केली नाही. हे हेरून हॅरोल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरनं १९४९ साली लंडनमध्ये तशाच प्लास्टिकची लेन्स पहिल्यांदा डोळ्यात बसवली. आईला हे सांगितलं. विमानाचं छत म्हटल्यावर तिनं डोळ्यांना हात लावून पाहिला आणि म्हणाली, "तरीच मला लांबचं चांगलं दिसतं."

विसर्जनाच्या मिरवणुकीत लेक तास न्‌ तास वाजवून आली. लेन्स टिकल्या, चष्मा लागला नाही, ताल चुकला नाही. आईनं तिला दारातच थांबवलं, आधी हात धुवायला लावले, मग लेन्स काढायला, मग अंघोळीला पाठवलं आणि मिरवणुकीपुरत्या आणलेल्या, एकदाच वापरून टाकून द्यायच्या त्या लेन्स स्वतः कचऱ्यात टाकल्या. त्यांना गुलाबी कड आली होती.

तेव्हा मिरवणुकीत गुलाल उधळणाऱ्यांना एक विनंती आहे. चष्म्यावरचा गुलाल सदऱ्याला पुसता येतो, लेन्सवरचा कशालाच पुसता येत नाही. गुलाल कपाळाला लावा, हवेत उधळू नका. आणि तुमच्याही घरात लेन्सची डबी असेल, तर ती दर तीन महिन्यांनी बदला. आमच्याकडे ती तारीख कालनिर्णयवर, चतुर्थीच्या चौकटीशेजारी, आईच्या अक्षरात लिहिलेली असते.